चाकोरीतले सुख

मराठी शिकवणाऱ्या माणसाला हळूहळू एक खोड जडते. भांड्यांच्या दुकानात गेलेली गृहिणी जशी पातेले हातात घेताच आधी उलटे करून त्याचा तळ बघते, तसा तो प्रत्येक शब्द उलटा करून बघू लागतो. तळ जाड आहे का, कुठे पोचा आला आहे का, कुणाचे नाव कोरले आहे का! घरच्या माणसांना ह्या खोडीचा उपद्रव होतो, पण इलाज नसतो. सौ. विचारते, "आज भाजी कोणती करू?" मी 'भाजी' आणि 'भाजणे' ह्यांचे नाते उलगडू लागतो, आणि त्या दिवशी आमच्याकडे पिठले होते.

'चाकोरी' हा असाच एक शब्द. वर्गात तो मी शेकडो वेळा उच्चारला असेल. चाकोरीबाहेरचा लेखक, चाकोरीबद्ध संसार, चाकोरी मोडणारी कादंबरी. मराठी वाङ्मयात ह्या शब्दाला कुणी चांगले म्हटलेले मला तरी आठवत नाही. जो उठतो तो चाकोरी मोडायला निघतो, आणि विद्यार्थी बिचारे चाकोरी मोडण्याचे महत्त्व ह्या विषयावरचे तयार उत्तर पाठ करून, एकाच साच्यात, पानेच्या पाने लिहितात!

पण चाकोरी म्हणजे मुळात काय? कच्च्या रस्त्यावर बैलगाडीच्या चाकांनी पाडलेली खोलगट रेघ. एका रस्त्यावर अशा दोन रेघा शेजारी शेजारी धावतात. मध्ये गवताची एक पट्टी उरते, बैलांच्या खुरांनी विरळ झालेली. कडेला सुटी खडी, टाकळा आणि रानतुळस. ह्या रेघांतला मुरूम वर्षानुवर्षे दाबला जाऊन सारवलेल्या ओट्यासारखा गुळगुळीत झालेला असतो. त्यावरून सायकल चालवून पाहा. चाकोरीत आहात तोवर पायांना कष्ट नाहीत, हातांना हिसके नाहीत. ऐटीने चाकोरीबाहेर गेलात की पुढचे चाक सुट्या खडीत घसरते आणि वाङ्मयीन बंडखोरी ढोपरावर येते.

गेली चार वर्षे रविवारी सकाळी मी हा उद्योग करीत आहे. तळेगावातून निघावे, जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने वडगाव मागे टाकून कान्हे फाटा गाठावा, तेथून उत्तरेला टाकव्याकडे वळावे आणि आंदर मावळात शिरावे. टाकव्यापर्यंत कारखान्यांच्या मोटारी असतात. त्यापुढे रस्ता हळूहळू आपला होऊ लागतो. मग डाव्या-उजव्या हाताला भातखाचरांतून, ओढ्यांच्या काठाने, डोंगराच्या पायथ्याला बिलगून मुरमाच्या वाटा फुटतात. त्यांवर तासभर सायकल चालवली तरी एखादी बैलगाडी, दोन-चार गुराखी पोरे आणि डोक्यावर भारा घेतलेल्या बाया ह्यांखेरीज कोणी भेटत नाही. भोंगा ऐकू येत नाही. येतो तो टायरखाली मुरूम चरचरल्याचा आवाज, आणि तुमची चाहूल लागून उगीचच गावभर बोंब ठोकणाऱ्या टिटवीचा.

माझ्या विद्यार्थ्यांनी ह्या प्रकाराला एक इंग्रजी नाव असल्याचे मला सांगितले. ह्याला म्हणे 'ग्रॅव्हल' म्हणतात. त्यासाठी निराळी सायकल मिळते. तिचे टायर शर्यतीच्या सायकलीपेक्षा जाड, साधारण चाळीस मिलिमीटर रुंदीचे. त्यांत हवा थोडी कमीच भरायची, म्हणजे रबर खड्यांवर आपटत नाही, त्यांना पोटात घेऊन पुढे जाते. मी हे सारे ऐकून घेतले आणि घरी येऊन वडिलांच्या जुन्या काळ्या सायकलीचा टायर मोजला. अठ्ठावीस इंची चाक आणि दीड इंच रुंदीचा टायर. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर! ज्या काळ्या सायकलीवर वडील ऑफिसला गेले आणि ज्या सायकलीवर दूधवाले आजही किटल्या अडकवतात, तिची घडण मुळात खडबडीत रस्त्यांसाठीच झालेली होती. दोन मिलिमीटरसाठी निराळे नाव आणि निराळी किंमत. अखेर मी नवी सायकल घेतलीच, कारण मावळातल्या चढांना गिअर लागतात. सौ.ने ती सगळीकडून न्याहाळली आणि एवढेच म्हणाली, "ह्या पैशांत दूधवाला किटल्यांसकट आला असता."

असो. रस्त्याकडे वळू.

आपल्या दख्खनचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. ऊन-पावसाने तो वरून कुजत जातो. विहीर खणणाऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल : आधी माती, मग मुरूम, मग कातळ. मुरूम म्हणजे धड दगड नव्हे आणि धड माती नव्हे, दोघांच्या मधली अवस्था. त्यातल्या लोखंडाला गंज चढतो म्हणून रंग तांबूस. खडे असतात म्हणून पाणी निचरते, आणि मातीचा चिकट अंश असतो म्हणून पाणी मारून दाबला की खडे एकमेकांना धरून बसतात. डोंगराच्या कडेला खणावे आणि शेजारच्या वाटेवर पसरावे, इतका हा माल जवळचा आणि स्वस्त.

ह्या साध्या गोष्टीचे शास्त्र जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६-१८३६) ह्या स्कॉटिश गृहस्थाने बनवले. त्याचे म्हणणे असे की, रस्त्याची खडी गाडीच्या चाकाच्या रुंदीपेक्षा बारीक असावी. मग चाक तिला उडवत नाही, दाबून बसवते. गाड्या जितक्या जास्त जातील तितका रस्ता पक्का होईल. वापराने रस्ता खराब न होता सुधारतो, ही कल्पना मला फार आवडते. चाकोरी म्हणजे तरी दुसरे काय?

पुढे १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप ह्याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्याने तो टायर केला होता आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी. बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होणे थांबले आणि सायकलींचे युग सुरू झाले. चांगल्या रस्त्यांसाठी पहिला आरडाओरडा ज्यांनी केला, त्यांत हे सायकलवाले आघाडीवर होते. अमेरिकेत १८८० साली 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' ही सायकलस्वारांची संस्था स्थापन झाली. रस्ते सुधारण्यासाठी १८९२ पासून तिने एक मासिकच चालवले. त्यांच्या पाठपुराव्याने रस्त्यांची चर्चा सुरू झाली, आणि रस्ते सुधारू लागतात तोच मोटार आली. लोखंडी धावेचे संथ चाक मुरूम दाबत होते. मोटारीचे वेगवान रबरी चाक खड्यांना धरून ठेवणारी बारीक माती खेचून उधळू लागले. धुळीने लोक हैराण झाले. तेव्हा १९०२ साली मोनॅकोमध्ये अर्नेस्ट गुग्लिएल्मिनेट्टी नावाच्या एका स्विस डॉक्टरने रस्त्यावर डांबर ओतण्याचा प्रयोग केला, आणि लोक त्याला 'डॉक्टर डांबर' म्हणू लागले. म्हणजे पाहा, चांगले रस्ते मागितले सायकलवाल्यांनी, ते मिळाले मोटारींना, आणि आता सायकलवाला मोटारीच्या भयाने पुन्हा मुरूम शोधत निघाला आहे! इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणतो?

ह्या वाटांचे चार ऋतूंतले चार स्वभाव असतात. आषाढ-श्रावणात तिकडे जाऊ नये. मुरमावरून ओढे वाहतात आणि चाकोरीत गुडघाभर चिखल असतो. माघानंतर फुफाटा उडू लागतो. वैशाखात करवंदे-जांभळांचे आमिष आहे, पण नऊ वाजताच ऊन डोक्यावर चढते. खरा काळ हाच, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा. पावसाने मुरूम बसलेला असतो आणि धूळ अजून जागी झालेली नसते. खाचरांत भाताची कापणी चालू असते. ह्या भागातले भात बहुतेक इंद्रायणी. आंबेमोहोर आणि आयआर-८ ह्यांच्या संकरातून वडगाव मावळच्याच संशोधन केंद्रात तयार झालेले हे वाण १९८७ साली प्रसारित झाले. कापलेल्या भाताच्या खाचराशेजारून सकाळी सायकल नेली की जो वास येतो, तो पुण्याच्या दुकानातल्या पिशवीत मिळत नाही.

पश्चिमेकडे जावे तसे डोंगर जवळ येतात. ठोकळवाडीच्या धरणाचे पाणी दिसू लागते. टाटांनी बांधलेले हे धरण १९२२ मधले. त्याचे पाणी डोंगराखाली भिवपुरीच्या वीजघरात उतरते आणि त्या विजेवर मुंबईचे दिवे लागत आले. त्याही पलीकडे खांडी, सावळे, आणि शेवटी कुसूर. कुसूरच्या घाटाने पूर्वी बैलांच्या पाठीवरून कोकणातला माल वर येई. तिथे कड्यावर उभे राहिले की खाली कोकण दिसते आणि आपण आलो तो सगळा रस्ता कुणीतरी चालून चालून तयार केलेला आहे, हे ध्यानात येते.

ह्या वाटांवर सायकल घेऊन उभा असलेला मध्यमवयीन माणूस हा तिथल्या लोकांना मोठाच कोड्याचा विषय असतो. डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर चष्मा, आणि खाली वाकून मुरूम चाचपतो आहे, म्हणजे हा बांधकाम खात्याचा माणूस असणार! माझ्या पहिल्याच हिवाळ्यात एका वाडीशी बाभळीचा काटा टायरमध्ये घुसला. मी सायकल उलटी करून बसलो. एका घराच्या पडवीतून आजी बाहेर आल्या. मागोमाग दहा-अकरा वर्षांची एक मुलगी.

"रस्ता मोजाया आलाय व्हय, सायब?"

"नाही आजी. सायकल फिरवायला आलोय."

"इतक्या लांब? अन् गाडी न्हाई तुमच्याकडं?"

"आहे. घरी ठेवून आलोय."

आजींच्या चेहऱ्यावर दया उमटली. त्यांनी मुलीला पाण्याचे घमेले आणायला सांगितले. ट्यूब पाण्यात धरल्यावर बुडबुडे कुठून येतात ते त्या मुलीने माझ्याआधी हेरले. ठिगळ लावून ते सुकेपर्यंत आजींनी चहा दिला. मी सहज म्हणालो, "तुमचा रस्ता छान आहे हो, आजी. मोटारी नाहीत, धूर नाही. शांत."

"मोटारी न्हाईत, ही खरी गोष्ट हाय," आजी म्हणाल्या. मग मुलीकडे हात करून त्यांनी सांगितले, "हिची आई अडली, तवा श्रावण व्हता. समदा मुरूम व्हाऊन गेल्याला. झोळी करून चौघांनी सुनंला फाट्याकडं न्यायला काढली. ही वाटंतच झाली. देवानं हात दिला. पन दर खेपंला देतो का? तुमी आठवड्याला येकदा येता, गुर्जी. आमी हितंच ऱ्हातो."

मी गुरुजी आहे हे मी सांगितले नव्हते. त्यांनी ते कशावरून ताडले कोण जाणे!

त्या दिवशी परतताना चाकोरी तशीच गुळगुळीत होती, भाताचा वास तोच होता, पण माझ्या मनात आजींचे शेवटचे वाक्य घोळत होते. शहरी माणसाला जे जे रम्य वाटते, त्याची किंमत बहुधा दुसरा कोणीतरी मोजत असतो. चुलीवरची भाकरी आपल्याला गोड लागते, धूर दुसरीच्या डोळ्यांत जातो. विहिरीचे पाणी थंडगार असते, पण रहाट ओढणारे हात आपले नसतात. मुरमाची वाट शांत आहे ती काही सायकलवाल्यांसाठी कुणी शांत ठेवलेली नाही. तिथे अजून डांबर पोचलेले नाही, एवढेच तिचे कारण. तेव्हा डांबर येऊ नये अशी इच्छा करण्याचा अधिकार रविवारी येणाऱ्याला नाही. हा निकाल मी स्वतःपुरता तरी देऊन टाकला.

देशात २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. मैदानी भागात ५०० लोकवस्तीची आणि डोंगरी राज्ये, वाळवंट व आदिवासी भाग ह्यांत २५० लोकवस्तीची जी गावे बारमाही रस्त्याला जोडलेली नाहीत, ती जोडायची, असे तिचे सूत्र. आजींची वाडी ह्यांपैकी कुठल्याच आकड्यात बसण्याजोगी नव्हती. पण दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा निधीतून तिथेही एकदाचे डांबर पडले. मी गेलो तेव्हा आजींनी माझ्या हातावर गूळ ठेवला. ती मुलगी आता तालेवार झाली होती. तिने माझी सायकल मागून घेतली आणि दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत त्या नव्या काळ्याशार रस्त्यावर दोन फेऱ्या केल्या. एकदाही घसरली नाही. आता ती शाळेत सायकलीने जाते, स्वतःच्या.

डांबराबरोबर आणखीही कोणी कोणी आले. रविवारच्या मोटारी आल्या. मग खांबांवर पाट्या आल्या : 'डोंगराच्या कुशीत, निसर्गाच्या सान्निध्यात, रस्त्यालगत प्लॉट'. मी मुख्य रस्ता सोडून शिवारातल्या पाणंदींकडे वळलो. गावाचा रस्ता गावाचा, त्याला डांबर हवेच. पण गावातून शेताकडे, शेतातून डोंगराकडे, एका वाडीतून ओढ्यापलीकडच्या दुसऱ्या वाडीकडे जाणाऱ्या ज्या जुन्या गाडीवाटा आहेत, तिथे मोटारीचे तसे काही काम नाही. तिथे बैल जातात, माणसे जातात. तिथे सायकलवाला कुणाच्या हालांवर मजा मारीत नाही. आणि पाहतो तो काय, ह्याच वाटा एकेक करून बंद होऊ लागलेल्या! आज चाकोरीतून गेलो तिथे पुढच्या महिन्यात तारेचे कुंपण. आत हिरवळ, झोपाळा आणि 'खाजगी मालमत्ता, प्रवेश बंद' ही पाटी. शांत वाटेचा शत्रू डांबर नव्हे, तार आहे. आणि तार घालणारा कोणी परका नाही. तो आपल्यातलाच, तुमच्या-माझ्यासारखा, चार पैसे गाठीला लागल्यावर शांतता विकत घ्यायला निघालेला माणूस.

मी शिक्षक. प्रश्न पडला की पुस्तक उघडणारा. भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशाची प्रत मिळते, ती आणली. तो नकाशा म्हणजे एक वाचनीय ग्रंथ आहे. त्यात पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनी. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीवाटेची निदान साडेसोळा. हे आकडे असे चमत्कारिक का? तर मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची. तिचे भाग सोळा आणे. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद तो गुंठा. म्हणजे चार आण्यांची पायवाट आणि आठ आण्यांची गाडीवाट! आणे चलनातून गेले, जमिनीतून गेले नाहीत.

कायद्यानेही ह्या वाटांकडे पाठ फिरवलेली नाही. १९०६ सालच्या मामलतदार न्यायालय अधिनियमाप्रमाणे शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर तहसीलदार तो अडथळा दूर करू शकतो. अट एवढीच की, वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागितली पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे, ज्याच्या शेताला वाटच नाही त्याला शेजारच्या बांधावरून वाट मिळू शकते. पण सहा महिने म्हणजे किती? भात लावायला आणि कापायला जेवढा वेळ लागतो तेवढा. शेतकरी कापणीतून डोके वर काढतो तोवर मुदत निघून जाते. पुढे मार्ग असतातच, पण ते लांबचे.

'वहिवाट' ह्या शब्दात 'वाट' आहे, हे मला वर्गात कधी सांगावे लागले नव्हते. आता सांगतो. वाट वापरात असली तर वहिवाट. गवत माजले, चार वर्षे कोणी फिरकले नाही, की तार घालणाऱ्याला म्हणता येते, "इथे कुठे रस्ता होता?" इतर वस्तू वापरल्याने झिजतात. वाट न वापरल्याने झिजते.

आता शेवटची गोष्ट, थोडी अवघड. माझे एक जुने स्नेही, सुस्वभावी आणि वाचनाची आवड असलेले. निवृत्तीनंतर राहण्यासाठी म्हणून त्यांनी त्याच आजींच्या वाडीजवळ अर्धा एकर जमीन घेतली. मोठ्या हौसेने मला दाखवायला नेले. तारेचे कुंपण नवे कोरे होते. त्याच्या एका अंगाने आत आणि दुसऱ्या अंगाने बाहेर चाकोरीच्या दोन रेघा स्पष्ट दिसत होत्या. मध्ये त्यांनी गुलाब लावले होते.

मी गप्प बसू शकलो असतो. चहा उत्तम होता. पण कुंपणाच्या पलीकडे गाडी उभी होती आणि गाडीवान बैलांना वळवून लांबच्या वळशाने नेण्याच्या खटपटीत होता. मी म्हटले, "अहो, ही गाडीवाट आहे."

"असेल पूर्वी. सातबाऱ्यावर एक अक्षर नाही."

"गावनकाशावर आहे. दोन तुटक रेषा."

"तुम्ही माझ्याकडे आला आहात की तलाठ्याकडून?" ते हसत म्हणाले, पण ते हसणे पूर्वीचे नव्हते.

पुढच्या रविवारी मी नकाशाची प्रत त्यांच्या टपालपेटीत टाकली. सोबत चिठ्ठी वगैरे लिहिली नाही. सतरा वर्षांच्या स्नेहात तीन महिने फोन आला नाही. सौ. म्हणाली, "दुसऱ्याच्या गुलाबांत तुम्हांला कशाला पडायचे होते?" मला उत्तर सुचले नाही. कायदा माझ्या बाजूला होता, पण रविवार संध्याकाळचा बुद्धिबळाचा डाव त्यांच्या बाजूला होता.

पौषात त्यांचा फोन आला. "येऊन जा," एवढेच बोलले. गेलो. कुंपण मागे सरकले होते, मोजून साडेसोळा फूट, एक इंच अधिक नाही. दोन्ही टोकांना फाटके बसवली होती. त्यांना कड्या होत्या, कुलपे नव्हती. एका फाटकावर पाटी होती : 'कुत्र्यापासून सावध राहा'. कुत्रा अद्याप आणलेला नव्हता. गुलाब उपटून ओट्याकडेला लावले होते आणि दोन मेले होते. ह्या दोन गुलाबांची आठवण ते मला जन्मभर देत राहणार, हे मी जाणून आहे.

आम्ही डाव मांडला. इतक्यात पेंढ्याने लादलेली गाडी आली. आजींची नात पुढे धावत आली, तिने फाटकाची कडी काढली आणि बैल मान हलवीत आत शिरले. माझे स्नेही हातातला घोडा तसाच धरून उठून उभे राहिले. गाडी त्यांच्या अंगणाशेजारून कुरकुरत गेली आणि पलीकडच्या फाटकातून बाहेर पडली. ओल्या मुरमावर दोन रेघा उमटल्या होत्या.

"बसली हो, अगदी आरामात बसली!" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात, तो रस्ता जणू त्यांनीच बांधला असावा, असा अभिमान होता. मग त्यांनी घोडा पटावर ठेवला आणि माझा उंट खाल्ला.